पायलटच्या स्ट्रेसचा डेटा गोळा करायचाय? मॉडेलच्या आधीची सगळी कामं, क्रमाने

एआय वापरून पायलटचा स्ट्रेस ओळखायचा असं एकदा ठरलं की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात मॉडेल शोधायला लागतात, कुठलं नेटवर्क घ्यायचं, किती लेअर, जीपीयू पुरेल का वगैरे. पण खरं काम त्याच्या खूप आधी सुरू होतं. पायलटच्या अंगावर पहिला इलेक्ट्रोड चिकटवण्यापासून ते "या मिनिटाला हा माणूस स्ट्रेसमध्ये होता" असं लेबल लावेपर्यंत जे काही होतं ना, त्यावरच सगळा प्रोजेक्ट उभा राहतो किंवा पडतो. तिथे घोळ झाला तर पुढे कितीही भारी मॉडेल लावा, ते भलतंच काहीतरी शिकणार. म्हणून या लेखात मॉडेलबद्दल कमी आणि डेटाबद्दल जास्त लिहितोय. हे सगळं सिम्युलेटरवर सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, खऱ्या विमानाचं शेवटी थोडंसं.

पायरी १: नेमकं काय मोजायचंय ते एका वाक्यात लिहा

स्ट्रेस, वर्कलोड, थकवा आणि दचकणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन माणूस चारही एकाच टोपलीत टाकतो. अनुभवी पायलट जोरदार क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) लँडिंग करत असेल तर त्याचा वर्कलोड भरपूर असतो पण तो घाबरलेला असेलच असं नाही, उलट नवीन विद्यार्थी नुसता परीक्षक शेजारी बसलाय म्हणून साध्या सर्किटमध्येसुद्धा (विमानतळाभोवतीच्या फेरीत) घामाघूम होतो. रात्रीच्या लांब क्रूझमध्ये (ठरलेल्या उंचीवरच्या सरळ उड्डाणात) थकवा असतो, आणि अचानक अलार्म वाजला की पहिले काही सेकंद निव्वळ दचकणं असतं. हृदयाचे ठोके यातल्या तीन परिस्थितींत (थकवा सोडून) वाढतात, त्यामुळे नुसते ठोके बघून मॉडेलला फरक कळणार नाही, तो फरक तुम्हाला प्रयोगाच्या आखणीत करून द्यावा लागतो.

अजून एक, थोडा ताण वाईट नसतो. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच मांडलं होतं की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत कामाला मदत करते आणि कठीण कामात त्यापुढे गेली की कामगिरी घसरते. म्हणजे "स्ट्रेस आहे" एवढं ओळखून भागत नाही, त्याच वेळी उड्डाण कसं चाललं होतं हेही नोंदवायला हवं.

पायरी २: आधी विश्वास, मग सेन्सर

ही पायरी लोक फॉर्म भरण्यापुरती उरकतात आणि मला वाटतं सगळ्यात मोठी चूक तीच. पायलटच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याची नोकरी मेडिकल सर्टिफिकेटवर चालते, आणि तुम्ही त्याला म्हणताय की छातीला ईसीजी (हृदयाच्या विद्युत लहरी मोजणारा) लावतो, डोक्याला ईईजी (मेंदूच्या लहरी मोजणारा) लावतो, आणि तू दबावाखाली किती ढासळतोस ते बघतो. तो बिचकणारच. आणि बिचकलेला माणूस बेसलाइनलाच (तुलनेसाठी घेतलेल्या शांत नोंदीतच) ताणात असतो, म्हणजे डेटा तिथेच बिघडला.

त्यामुळे एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती तर हवीच, पण त्याआधी समोरासमोर बसून या गोष्टी साध्या भाषेत सांगा: डेटा कोण बघणार, त्याच्या कंपनीला किंवा ट्रेनिंग स्कूलला काय मिळणार (माझ्या मते वैयक्तिक काहीच मिळू नये), कधीही थांबता येईल का, थांबल्यावर आधीचा डेटा पुसला जाईल का. ईसीजीमध्ये चुकून काही वेगळं दिसलं, ठोक्यांची अनियमितता वगैरे, तर काय करायचं हे प्रयोगाच्या आधीच ठरलेलं पाहिजे आणि संमतीपत्रात लिहिलेलं पाहिजे. तुम्ही डॉक्टर नाही, निदान करायचं नाही, पण दिसलेलं लपवायचंही नाही, कुणाला आणि कसं सांगायचं ते त्याच्याकडूनच आधी विचारून घ्या.

नावं फाइलमध्ये कुठेच नकोत, प्रत्येकाला कोड नंबर द्या आणि कोड-नावाची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा. आणि हो, कायदा बघा. युरोपियन युनियनच्या एआय कायद्यात कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या सिस्टिमवर बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण असेल तर अपवाद आहे, आणि ही बंदी फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालीये. तुमचं संशोधन पुढे प्रॉडक्ट होणार असेल तर हे आत्ताच डोक्यात ठेवा.

पायरी ३: सेन्सर निवडा, पण सगळे नको

पहिल्या प्रोजेक्टला तीनच पुरेत: ईसीजी, त्वचेची विद्युत वाहकता म्हणजे ईडीए, आणि श्वास.

ईसीजी किमान २५० हर्ट्झने (सेकंदाला २५० नोंदी) घ्या, ५०० मिळालं तर उत्तम, कारण आपल्याला नुसता हार्ट रेट नाही तर दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात हवंय. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने नाडी मोजतं, ते शांत बसलेल्या माणसावर ठीक चालतं पण हात हलला की सिग्नल फाटतो, आणि पायलटचे हात हलतच असतात.

ईडीए मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. त्याचे दोन भाग असतात, एक हळू सरकणारी पातळी आणि दुसरे त्यावर येणारे छोटे उंचवटे. घटना घडल्यावर उंचवटा यायला साधारण १ ते ३ सेकंद लागतात, हे लक्षात ठेवलं नाही तर अलार्मच्या क्षणी काहीच दिसत नाही म्हणून लोक सेन्सर खराब समजतात.

श्वासाचा पट्टा बरेच जण वगळतात, वगळू नका प्लीज. कारण हृदयाच्या ठोक्यांमधला चढउतार मोठ्या प्रमाणात श्वासावर चालतो. ठोक्यांच्या बदलाची जी हाय फ्रिक्वेन्सी पट्टी असते ती ०.१५ ते ०.४० हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ श्वास. पायलट रेडिओवर बोलायला लागला की श्वासाची लय मोडते, आणि मोजमाप बदलतं, स्ट्रेस असो वा नसो. श्वासाचा सिग्नल आणि रेडिओचं बटण कधी दाबलं याची नोंद दोन्ही असेल तर हा गोंधळ नंतर सोडवता येतो, नाहीतर तुमचं मॉडेल "बोलतोय की नाही" एवढंच ओळखायला शिकेल.

डोळ्यांचा ट्रॅकर छान असतो, नजर कुठे अडकली ते कळतं, पण बाहुलीचा आकार ताणापेक्षा प्रकाशाने जास्त बदलतो, त्यामुळे स्क्रीनवर ढगातून ऊन आलं की डेटा हलतो. ईईजीत वर्कलोड वाढला की कपाळामागचे ४ ते ८ हर्ट्झचे थीटा तरंग वाढतात आणि मागच्या बाजूचे अल्फा कमी होतात असं साधारण दिसतं, पण हेडसेटचा पट्टा, जबडा, मान, सगळ्याचा कचरा त्यात येतो. दुसऱ्या प्रोजेक्टला घ्या. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) मोजायचं असेल तर ते ताणानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर येतं आणि सकाळी मुळातच जास्त असतं, म्हणून सगळ्यांची सत्रं दिवसाच्या एकाच वेळेला ठेवा.

पायरी ४: सेन्सर लावणं

इथे हात साफ पाहिजे. छातीवरची जागा अल्कोहोलने पुसा, केस असतील तर विचारून काढा, हलकं घासा, मग इलेक्ट्रोड. एक उजव्या कॉलरबोनच्या खाली, एक डाव्या बाजूला शेवटच्या बरगडीजवळ, एक ग्राउंड. सीटबेल्टचा खांद्यावरचा पट्टा कुठून जातो ते आधी बसवून बघा, इलेक्ट्रोड पट्ट्याखाली आला तर प्रत्येक हालचालीला सिग्नल उडी मारणार.

ईडीए खरं तर बोटांवर किंवा तळहातावर घेतात, पण पायलटचे हात मोकळे नसतात. एअरबसमध्ये डाव्या सीटवरच्या कॅप्टनचा साइडस्टिक डाव्या हातात आणि थ्रस्ट लीव्हर उजव्या हातात, फर्स्ट ऑफिसरचं बरोबर उलट. दोन्ही हात गुंतलेले. बोटाला वायर असली की पकड बदलते आणि पकडीचा दाबच सिग्नलमध्ये दिसतो. तळपायाचा आतला भाग हा चांगला पर्याय आहे, पण रडर पेडल दाबताना तिथेही हालचाल येते, म्हणून टाचेजवळच्या कमानीत लावा आणि पेडलची स्थितीही लॉग करा. इलेक्ट्रोड लावल्यावर लगेच रेकॉर्डिंग सुरू करू नका, जेल त्वचेत मुरायला ५ ते १० मिनिटं द्या.

पायलटला आधीच सांगून ठेवा की सत्राच्या काही तास आधी कॉफी, सिगारेट आणि जोराचा व्यायाम नको, आणि झोप किती झाली, कुठलं औषध चालू आहे हे विचारून लिहा. खोलीचं तापमानसुद्धा लिहा, घामाचा सिग्नल आहे तो.

पायरी ५: घड्याळं जुळवा

ईसीजी एका डिव्हाइसवर, ईडीए दुसऱ्यावर, सिम्युलेटर तिसऱ्या कॉम्प्युटरवर, आणि प्रत्येकाचं घड्याळ आपल्या मनाने चालतं. ५० पीपीएमने (दहा लाख सेकंदांत ५० सेकंद) चुकणारं घड्याळ तासाला ०.१८ सेकंद सरकतं, मिनिटभराच्या विंडोसाठी (डेटाच्या मिनिटभराच्या तुकड्यासाठी) हे चालून जातं. खरा धोका वेगळा असतो, एखाद्या लॅपटॉपची वेळ मुळातच दोन मिनिटं पुढे असणं किंवा ब्लूटूथ मध्येच तुटून काही सेकंद गायब होणं आणि फाइलमध्ये त्याची खूण न राहणं.

लॅब स्ट्रीमिंग लेअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सगळे प्रवाह एका टाइमलाइनवर आणतं, तेच वापरा. एक्स-प्लेनसारखा सिम्युलेटर असेल तर त्याचा डेटा नेटवर्कवरून बाहेर काढता येतो: उंची, वेग, बँक (विमान एका बाजूला किती कललंय), कंट्रोलची स्थिती, गिअर (चाकं), फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या). सेकंदाला १० ते २० वेळा पुरेसं आहे. आणि तरीही, सुरुवातीला आणि शेवटी पायलटला सेन्सरवर तीनदा टकटक करायला सांगा, कॅमेऱ्यासमोर. सॉफ्टवेअर फसलं तरी त्या तीन टकटकींवरून सगळं परत जुळवता येतं.

पायरी ६: प्रसंग आणि त्यांचा क्रम

पहिल्यांदा ५ ते १० मिनिटं शांत बसवून बेसलाइन घ्या. पण नुसती शांत बेसलाइन पुरत नाही, कारण मग "बसलाय" आणि "उडवतोय" यातलाच फरक मॉडेल पकडेल. म्हणून दुसरी बेसलाइन, स्वच्छ हवामानात सरळ सपाट उड्डाण, हात कंट्रोलवर, रेडिओवर थोडं बोलणं. मग खरे प्रसंग: टेकऑफनंतर इंजिन जाणं, कमी दृश्यमानतेत अप्रोच आणि शेवटच्या क्षणी गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर जाणं), एखादं उपकरण चुकीचं दाखवणं. प्रत्येकानंतर सावरायला वेळ.

आता यातला सगळ्यात मोठा सापळा सांगतो. बहुतेक जण सोपं आधी आणि अवघड शेवटी ठेवतात, ऐकायला योग्यच वाटतं. पण ईडीएची पातळी नुसत्या वेळेबरोबरही सरकते, इलेक्ट्रोडखाली घाम साठतो, केबिन गरम होते, माणूस कंटाळतो. मग पहिली २० मिनिटं "सोपं" आणि शेवटची २० मिनिटं "अवघड" असं लेबल लावून मॉडेलला दिलं की ते ९० टक्क्यांच्या वर अचूकता दाखवू शकतं आणि प्रत्यक्षात ते फक्त किती वाजले एवढंच सांगत असतं. इलाज एकच, क्रम प्रत्येक पायलटसाठी बदला, आणि एखादा सोपा प्रसंग मुद्दाम शेवटी ठेवा. नंतर तपासायलाही सोपं, फक्त "सत्र सुरू होऊन किती मिनिटं झाली" हा एकच आकडा देऊन मॉडेल ट्रेन करा, तेही तितकंच अचूक आलं तर डेटा फेकून नव्याने आखणी करायची.

पायरी ७: लेबल

"इंजिन बंद पडलं म्हणजे स्ट्रेस" असं धरून चालू नका. हजारो तास उडवलेल्या माणसाला ते सरावाचं असतं. मी तीन लेबलं वेगवेगळी ठेवायला सांगेन: प्रसंग कुठला होता, पायलटला स्वतःला काय वाटलं, आणि शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरला काय दिसलं. पायलटसाठी नासा-टीएलएक्स वापरा, १९८८ पासून चालत आलेली प्रश्नावली आहे, मानसिक भार, शारीरिक भार, वेळेचा दबाव, कामगिरी, मेहनत आणि वैताग असे सहा भाग. पण ती मुळात वर्कलोड मोजते, म्हणून सोबत "किती ताण वाटला, १ ते ५" असा एक सरळ प्रश्न जोडा. प्रत्येक प्रसंग संपल्या संपल्या भरून घ्या, सत्राच्या शेवटी एकदम नको, तोपर्यंत आठवणी एकमेकींत मिसळतात.

तिन्ही लेबलं जुळत नाहीत तेव्हा डेटा वाईट आहे असं समजू नका, उलट तेच प्रसंग सगळ्यात जास्त बघण्यासारखे असतात. इन्स्ट्रक्टर म्हणतो शांत होता, पायलट म्हणतो मी हादरलो होतो, आणि ठोके पायलटच्या बाजूने साक्ष देतात, असं दिसलं की कळतं हा उद्योग का करायचा. ती जागा सरासरी काढून पुसू नका.

पायरी ८: डोळ्यांनी बघा, मग साफ करा

न्यूरोकिट सारख्या पायथन लायब्ररी आर पीक (ईसीजीत प्रत्येक ठोक्याला येणारं उंच टोक) शोधून देतात, काम झटपट होतं, पण प्रत्येक रेकॉर्डिंग एकदा तरी स्क्रीनवर सरकवून बघाच. का ते एका छोट्या हिशोबात दाखवतो. समजा दोन ठोक्यांमधली अंतरं ८००, ८१०, ७९०, ८०५ मिलिसेकंद आहेत. लागोपाठचे फरक १०, वजा २०, १५. त्यांचे वर्ग १००, ४००, २२५, सरासरी साधारण २४२, वर्गमूळ १५.५. हा झाला आरएमएसएसडी, ठोक्यांच्या बदलाचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा, ताणात तो सहसा कमी होतो. आता सॉफ्टवेअरने मधला फक्त एक ठोका चुकवला तर ८१० आणि ७९० मिळून १६०० झाले, यादी ८००, १६००, ८०५. तोच आकडा आता ७९७ च्या पुढे जातो. एक ठोका चुकला आणि १५ चे जवळपास ८०० झाले! मॉडेलला वाटणार माणूस अतिशय निवांत आहे, आणि ठोका तर बहुधा गडबडीच्या क्षणीच चुकलेला असतो, कारण तेव्हाच तो हलला.

लांबीबद्दल: १९९६ च्या युरोपियन आणि अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या टास्क फोर्सने छोट्या रेकॉर्डिंगसाठी ५ मिनिटांचं प्रमाण सांगितलंय. गो-अराउंड तेवढा चालत नाही, म्हणून लोक ६० सेकंदांच्या विंडो घेतात. हार्ट रेट आणि आरएमएसएसडीसाठी ते जमतं, लो फ्रिक्वेन्सीच्या (ठोक्यांमधल्या संथ चढउतारांच्या) आकड्यांसाठी मात्र मिनिटभर फार कमी आहे. लो आणि हायचं गुणोत्तर म्हणजे स्ट्रेस असं सरळ लिहू नका, त्यावर बराच वाद आहे.

स्वतःचा डेटा येईपर्यंत सराव करायचा असेल तर दोन उघडे डेटासेट बघा. २०१८ चा वेसॅड, १५ लोक, छातीवरचं आणि मनगटावरचं डिव्हाइस एकाच वेळी, त्यामुळे मनगट किती फसवतं ते स्वतः तपासता येतं. आणि कॅगलवर (डेटा स्पर्धांची वेबसाइट) २०१८ च्या शेवटी आलेला पायलटांचा डेटा, १८ पायलट, ईईजी, ईसीजी, श्वास आणि त्वचेची वाहकता, २५६ हर्ट्झ. त्यात ट्रेनिंगचा भाग सिम्युलेटरबाहेरच्या प्रयोगांतला आणि टेस्टचा भाग सिम्युलेटरमधल्या पूर्ण उड्डाणातला आहे, म्हणजे खोलीत शिकलेलं कॉकपिटमध्ये चालतं का हा प्रश्न तिथे थेट समोर येतो.

पायरी ९: मॉडेल

हे थोडक्यात. प्रत्येक पायलटचे आकडे त्याच्या स्वतःच्या बेसलाइनशी तुलना करून घ्या, कारण एकाचे शांत ठोके ५५ असतात आणि दुसऱ्याचे ८०. आधी लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा रँडम फॉरेस्टसारखं साधं मॉडेल घ्या. आणि ट्रेन-टेस्ट वाटणी (कुठल्या डेटावर शिकवायचं, कुठल्यावर तपासायचं) विंडोनुसार रँडम अजिबात नको, एकमेकांवर चढलेल्या विंडो दोन्हीकडे जातात आणि मॉडेल माणूस ओळखून उत्तर देतं. एक अख्खा पायलट बाहेर ठेवा, बाकीच्यांवर ट्रेन, त्याच्यावर टेस्ट, असं प्रत्येकासाठी फिरवा. आकडा धाडकन खाली येईल, येऊ द्या, तोच खरा आहे. निकाल लिहिताना सरासरीबरोबर प्रत्येक पायलटचा वेगळा आकडा द्या, कारण सुरक्षेच्या कामात ज्या दोघांवर मॉडेल पूर्ण फसलं ते दोघेच महत्त्वाचे असतात.

खऱ्या विमानात जायचं असेल तर

सिम्युलेटरवर सगळं नीट चालल्याशिवाय नाही. ऑपरेटर आणि विमान सुरक्षेच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागते, उपकरणं बॅटरीवर चालणारी हवीत, विमानाच्या कुठल्याही सिस्टिमला जोडलेली नकोत, आणि वायर अशी की पायलटला एका झटक्यात उठून बाहेर पडता आलं पाहिजे. मोठ्या विमानांची वीज ४०० हर्ट्झची असते, घरातल्यासारखी ५० किंवा ६० ची नाही, आणि तुमच्या डिव्हाइसमध्ये योग्य फिल्टर नसेल तर २५० हर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये ती १०० हर्ट्झवर खोटी येऊन बसते, तिथे शोधा. थरथर, जी-फोर्स, केबिनचा कमी दाब हे सगळं ठोक्यांवर परिणाम करतं. इंजिन मुद्दाम बंद करता येत नाही, त्यामुळे लेबलं टेकऑफ, क्रूझ, अप्रोच, लँडिंग अशा टप्प्यांवरून आणि नंतरच्या मुलाखतीवरून येतात.

दोन्ही पायलटांचा डेटा घेत असाल तर प्रत्येक लेगला (एका टेकऑफपासून लँडिंगपर्यंतच्या उड्डाणाला) विमान कोण उडवत होतं आणि मॉनिटर कोण करत होतं हे मिनिटासकट लिहून ठेवा, कंट्रोल मध्येच हातातून हातात गेला असेल तर तेही. लँडिंगला उडवणाऱ्याचे ठोके शेजारच्यापेक्षा जास्त चढतात हे फार जुन्या अभ्यासांपासून दिसत आलंय, आणि ही एक नोंद नसेल तर दोघांच्या फाइली पुढे कुणालाच वाचता येत नाहीत.